बेकारी : खान्देशातील प्रकार व कारणे

काम करण्याची इच्छा व क्षमता असूनही प्रचलित मजुरीवर काम न मिळणे म्हणजे बेकारी. अर्थशास्त्र तिचे हंगामी, प्रच्छन्न, संरचनात्मक, चक्रीय व घर्षणजन्य असे प्रकार मानते. खान्देशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत त्यांतले पहिले तीन एकाच घरात नांदताना दिसतात.

हंगामी बेकारी सर्वांत जुनी. कोरडवाहू कापूस जूनमध्ये पेरला जातो, निंदणी आटोपली की हात रिकामे होतात आणि दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते. किलोमागे मजुरी मिळणारी ही वेचणी मुख्यतः बायकांची. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस उद्ध्वस्त केला. तेव्हापासून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून घेतलेला कापूस, घेऊ नका, असे कृषी खाते सांगत आले आहे. सल्ला रास्तच, पण फरदडीसोबत हिवाळ्याअखेरच्या वेचण्याही गेल्या. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मात्र विहिरीला पाणी असल्याने बाराही महिने काम निघते. खान्देशातील बेकारीचे पहिले कारण म्हणूनच सिंचनाचा अभाव हे मानावे लागते.

गावी काम नसल्याने साक्री, शिरपूर भागातील आदिवासी कुटुंबे मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुलांची शाळा तिथेच सुटते. शासकीय श्रमबल पाहणीच्या साप्ताहिक निकषानुसार आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात गणला जातो. त्यामुळे ही ओढाताण बेकारीच्या आकड्यांत उतरतच नाही.

जळगावची खान्देश मिल बंद पडली, ही संरचनात्मक बेकारी : साच्यावरचे कसब होते, पण ते विकत घेणारा कारखाना उरला नाही. सुरतेच्या कापडधंद्यात खान्देशी कामगार मोठ्या संख्येने आहेत. 2020 च्या टाळेबंदीत त्यांतले अनेक गावी परतले आणि त्याच दोन-चार एकरांत राबू लागले. उत्पन्न वाढले नाही, वाटेकरी वाढले. हीच प्रच्छन्न बेकारी. सुशिक्षितांची बेकारी वेगळी : जळगावला 1990 मध्ये विद्यापीठ आले, पदवीधर वाढले. पदवीला साजेशा नोकऱ्या त्या प्रमाणात आल्या नाहीत.

महाराष्ट्राने 1977 च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागात कामाचा हक्क दिला. 2005 च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबामागे 100 दिवसांची हमी देशभर नेली. परंतु मुकादमाची उचल कामाआधी हाती पडते, हमीची मजुरी कामानंतर. हा फरक कायम आहे तोवर स्थलांतर थांबणार नाही.