सांधेरोपणानंतरची गृहशुश्रूषा
सांधेरोपणानंतरची गृहशुश्रूषा म्हणजे गुडघा किंवा खुब्याचा झिजलेला सांधा बदलून कृत्रिम सांधा बसवल्यानंतर, रुग्ण घरी परतल्यावर कुटुंबीयांनी घ्यावयाची काळजी. रुग्णाला सुरक्षितपणे हालचालीस प्रवृत्त करणे आणि गुंतागुंतीची लक्षणे वेळीच ओळखणे, हे तिचे दोन मुख्य हेतू आहेत.

पार्श्वभूमी
ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात खुब्याच्या आधुनिक सांधेरोपणाचा पाया घातला. भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची कमाल किंमत निश्चित केली. रुग्णाला बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधाराने चालवले जाते आणि काही दिवसांतच घरी पाठवले जाते. त्यामुळे बरे होण्याचा बराचसा काळ घरीच जातो.

घराची तयारी
वाटेतील सतरंज्या, पायपुसणी व सुट्या वायरी उचलून ठेवतात. खुर्ची उंच, घट्ट बैठकीची व हातांची असावी. भारतीय बैठकीच्या शौचालयात उकिडवे बसावे लागत असल्याने कमोड किंवा कमोडखुर्चीची सोय आधीच करावी लागते. न्हाणीघरात न घसरणारी चटई व पकडण्यासाठी दांडा उपयोगी पडतो. रात्री शौचालयापर्यंतच्या वाटेवर दिवा ठेवतात.

हालचाल व व्यायाम
घोटा वरखाली हलवण्याच्या व्यायामाने पायातील रक्ताभिसरण सुधारते. गुडघा बदललेल्या रुग्णाने गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नये. त्यामुळे गुडघा पूर्ण सरळ होण्यास अडथळा येतो. जिना चढताना चांगला पाय आधी, तर उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकतात. खुबा बदललेल्या रुग्णास शस्त्रक्रियेच्या पद्धतीनुसार पायावर पाय न टाकणे, खुबा काटकोनापेक्षा अधिक न वाकवणे, असे निर्बंध असू शकतात.

वेदना व सूज कमी करण्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ सुमारे १५ ते २० मिनिटे लावतात. वेदनाशामके सांगितलेल्या वेळी दिल्यास व्यायाम सुसह्य होतो. पायाला तेल चोळण्याची घरगुती प्रथा या काळात टाळावी. जखमेला संसर्गाचा, तर पोटरीत गुठळी असल्यास ती सुटण्याचा धोका असतो.

धोक्याची लक्षणे
जखमेतून पू किंवा स्राव येणे, वाढती लाली, ताप, तसेच पोटरीत दुखणे व सूज येणे, ही लक्षणे दिसताच शल्यचिकित्सकास कळवावे. अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे हे फुप्फुसात गुठळी गेल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे परस्पर बंद करू नयेत. मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा नियंत्रणात ठेवल्याने संसर्गाचा धोका कमी होतो.

कुटुंबीयांची भूमिका
आपल्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून त्याला अंथरुणावरच सर्व काही हातात देण्याकडे घरच्यांचा कल असतो. मात्र अतिविश्रांतीने स्नायू दुबळे होतात व सांधा आखडतो. म्हणून रुग्णाचे काम स्वतः करण्याऐवजी ते करताना त्याच्या शेजारी उभे राहणे, हे शुश्रूषेचे योग्य स्वरूप मानले जाते. पूर्ण बरे होण्यास अनेक महिने लागू शकतात. एकाच व्यक्तीवर भार पडू नये यासाठी घरात कामांची वाटणी करणे हितावह ठरते.