पोथीचा धनी कोण ?

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापून प्रसिद्ध केली. ती त्यांना बीड येथील पाटांगणांत मिळाली होती. एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्धि केली त्यापूर्वीचा पाठ या प्रतींत आहे, असें राजवाडे यांचें मत होतें. त्यावर पुढें विद्वानांत पुष्कळ वाद झाला. तो वाद भाषापंडितांकडे सोंपवून त्याच पोथीच्या निमित्तानें आपण आज निराळाच प्रश्न विचारूं. हें पुस्तक कोणाचें ? ओव्या ज्ञानेश्वरांच्या; त्या शके १२१२ मध्यें रचल्या गेल्या. पोथी बीडची, तेथील मंडळींनीं ती वाळवी, पाऊस व राज्यक्रांति यांतून जपली नसती तर ती कोणाच्याच दृष्टीस पडती ना. तिचें वाचन, शब्दांची फोड, प्रस्तावना आणि छपाईची खटपट राजवाडे यांची. कर्ता, रक्षक आणि संपादक असे एका पोथीचे तीन धनी झाले. आणि ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तो वाचक चौथा.

कायद्याच्या भाषेंत या प्रश्नाला कॉपीराइटचा अथवा ग्रंथस्वामित्वाचा प्रश्न म्हणतात. असें स्वामित्व न्याय्य आहे कीं नाहीं, याविषयीं दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, शेत कसणाऱ्याचें पीक जसें त्याचें, तसा ग्रंथ लिहिणाऱ्याचा; दुसऱ्यानें तो परस्पर छापून विकणें ही चोरी होय. दुसरा म्हणतो, धान्य एकानें खाल्लें तर दुसऱ्यास उरत नाहीं, पण ओवी एकानें म्हटली म्हणून दुसऱ्याच्या मुखांतून ती नाहींशी होत नाहीं. मग तिच्याभोंवतीं कुंपण कां घालावें? हे दोन्ही पक्ष अर्धे अर्धे खरे आहेत, आणि तें तपासून पाहण्यास बीड जिल्ह्याइतकी चांगली भूमि क्वचितच सांपडेल.

प्रथम दुसऱ्या पक्षाची बाजू पाहूं. याच जिल्ह्यांतील अंबेजोगाई हें गांव परंपरेनें विवेकसिंधुकार मुकुंदराजांचें मानलें जातें, आणि दासोपंतांचें तर तें निःसंशय होय. दासोपंत (१५५१–१६१५) यांनीं लिहिलें तें प्रमाणानेंच मनुष्यास चकित करणारें आहे. त्यांची गीतेवरील टीका, गीतार्णव, सव्वा लाख ओव्यांची म्हणून प्रसिद्ध आहे. कागद पुरेना म्हणून कीं काय, सुमारें चाळीस फूट लांब कापडाच्या पासोडीवर त्यांनीं पंचीकरण हा वेदान्तविषय आकृतींसह लिहून काढला. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. एवढ्या लेखनामागें ग्रंथविक्रीच्या पैशाची आशा नव्हती, हें सांगावयास नको. मग स्वामित्वाचा हक्क नसेल तर कोणी लिहिणारच नाहीं, हें म्हणणें आमच्या वाङ्मयाच्या इतिहासाला तरी लागू पडत नाहीं.

इतकेंच नव्हे, तर तो इतिहास एका ग्रंथावर दुसरा ग्रंथ उभारून घडला आहे. गीतेवर ज्ञानेश्वरी, भागवताच्या एकादश स्कंधावर नाथांचें भागवत, रामायण-भारतावर श्रीधर-मुक्तेश्वर. प्रत्येकानें पूर्वसूरींचें धन घेतलें व त्यांत आपली भर घालून पुढच्याच्या हातीं दिलें. प्रत्येक वेळीं मूळ कर्त्याच्या वारसांची परवानगी आणावी लागती, तर हा ओघ कोठें तरी अडलाच असता.

पण यावरून त्या काळीं ग्रंथावर कोणी हक्कच सांगत नसे, असें मात्र समजूं नये. हक्क होता, तो पैशाचा नव्हता, एवढेंच. अभंगाच्या शेवटीं कवि आपल्या नांवाची मुद्रा घालतो ती कशासाठीं ? हें बोल माझे, यांची जबाबदारी माझी, हें सांगण्यासाठीं. आमच्याकडे मोठी अडचण झाली ती उलट दिशेनें. दुसऱ्याचें काव्य आपल्या नांवावर खपविणारे थोडे, पण आपलें काव्य थोरांच्या नांवावर घालणारे पुष्कळ. एकाच नांवाचे अनेक कवि झाले ते वेगळेच. ‘नामा’ या मुद्रेखालील रचनांत नामदेवांची कोणती व विष्णुदास नामा याची कोणती, हें निवडतांना संशोधकांचीं आयुष्यें गेलीं आहेत.

ग्रंथाची शुद्धता राखण्याची चिंता तर याहूनही स्पष्ट दिसते. बीडच्या सीमेवर गोदावरी आहे, आणि त्याच नदीच्या कांठीं वर पैठण आहे. तेथें शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचे अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तिच्यांत कोणीं आपली ओवी घुसडूं नये अशी कडक ताकीद शेवटीं देऊन ठेविली. कर्त्याच्या कृतीची मोडतोड होऊं नये, हा जो हक्क १९५७ च्या भारतीय कायद्याच्या ५७ व्या कलमांत कर्त्याला दिलेला आहे, त्याचें बीज या ताकिदींत आहे. नाथांनीं प्रती करण्यास मनाई केली नाहीं, बिघडविण्यास केली. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

आतां पहिल्या पक्षाकडे वळूं. कायदा नसेल तर ग्रंथ सर्वांना मोकळा राहील, असें दुसरा पक्ष गृहीत धरतो. इतिहास तसें सांगत नाहीं. बीड जिल्ह्यांतच, गेवराई तालुक्यांत गोदातीरीं, पांचाळेश्वर हें महानुभावांचें मोठें तीर्थ आहे. या पंथाचें लीळाचरित्र म्हणजे मराठी गद्याचें आद्य भांडार. परंतु आपले ग्रंथ अनधिकारी माणसाच्या हातीं पडून त्यांची विटंबना होईल, या भीतीनें पंथानें चौदाव्या शतकापासून ते सांकेतिक लिपींत लिहिण्यास सुरुवात केली. परिणाम असा झाला कीं, सुमारें पांचशें वर्षें इतर मराठी माणसाला या वाङ्मयाची ओळखच राहिली नाहीं. उरले ते पंथाविषयींचे गैरसमज. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे आदि संशोधकांनीं त्या लिपीचें कोडें उलगडलें, महंतांचा विश्वास संपादन केला, आणि ह. ना. नेने यांच्या संपादनानें १९३६ पासून लीळाचरित्र छापून बाहेर येऊं लागलें.

पंथाला दोष देण्यासाठीं हें लिहिलेलें नाहीं. ज्याला आपली कृति जपावयाची आहे आणि ज्याच्या पाठीशीं कायदा नाहीं, त्याच्यापाशीं कुलूप हा एकच उपाय उरतो. दासोपंतांच्या वंशजांनीं अंबेजोगाईस पासोडी व पोथ्या देवघरांत जपल्या. ते जपते ना तर आज दासोपंत हें एक नांवच राहिलें असतें. तथापि देवघरांत राहिल्यामुळें त्या ग्रंथांचा मोठा भाग दीर्घकाल छपाईवांचून राहिला, हेंही तितकेंच खरें. जपणें आणि पसरविणें हे दोन निराळे धर्म आहेत, आणि पहिला पाळणाऱ्याला दुसरा सुचतोच असें नाहीं.

छापखाना आला आणि प्रश्नाचें रूप पालटलें. हातानें पोथी उतरविणाऱ्याचे महिने जात. त्याची प्रत हाच त्याचा मोबदला. छापखान्यांत मात्र पहिल्या प्रतीचे श्रम डोंगराएवढे आणि हजाराव्या प्रतीचे जवळजवळ शून्य. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४५ मध्यें ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. असा ग्रंथ शुद्ध करून छापणाऱ्यानें वर्ष खर्च करावें, आणि शेजारच्या छापखानदारानें तोच पुढें ठेवून आठवड्यांत स्वस्त आवृत्ति काढावी, तर पहिला मनुष्य पुन्हां असें धाडस करणार नाहीं. इंग्लंडांत १७१० च्या कायद्यानें कर्त्याला चौदा वर्षांचा, व तो हयात असल्यास आणखी चौदा वर्षांचा हक्क दिला तो याच विचारानें. १७७४ मध्यें तेथील सरदारांच्या सभेनें असाही निकाल दिला कीं, प्रसिद्ध ग्रंथावरील हा हक्क सनातन नसून कायद्यानें दिला तेवढ्याच मुदतीचा आहे.

ती मुदत किती असावी, यावर १८४१ सालीं पार्लमेंटांत मोठा वाद झाला, आणि त्यांतला प्रमुख वक्ता हिंदुस्थानांतून नुकताच परतलेला मेकॉले होता. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : हा हक्क म्हणजे लेखकाला बक्षीस देण्यासाठीं वाचकांवर बसविलेला कर आहे. बक्षीस अवश्य द्यावें, पण कामापुरतें. लेखक मेल्यावर साठ वर्षांनीं कोणा दूरच्या वारसाला मिळणाऱ्या पैशानें लेखकास हयातींत उत्साह येत नाहीं. उलट वारसास तो ग्रंथ नापसंत असेल तर तो त्यास गाडून टाकण्यास मुखत्यार होतो. अंबेजोगाईचें देवघर मेकॉलेला ठाऊक नव्हतें. पण वारसाच्या हातांतील किल्लीचा धोका त्यानें अचूक ओळखला होता. १८४२ च्या कायद्यांत अखेर कर्त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षें किंवा प्रसिद्धीपासून बेचाळीस वर्षें, यांपैकीं जी मुदत लांब ती ठरली. तीच १८४७ च्या विसाव्या अॅक्टानें कंपनी सरकारच्या मुलखांत आली.

बीड निजामाच्या राज्यांत होतें, तेथें हा कायदा नव्हता. पण राजवाडे यांचें पुस्तक ब्रिटिश मुलखांत छापलें गेलें. त्या मुलखांतील न्यायाधीशांनीं आपल्या प्रश्नाचीं उत्तरें एकेक करून दिलीं. १८९५ मध्यें मुंबई हायकोर्टानें ठरविलें कीं, १८४७ च्या कायद्याखालीं भाषांतर म्हणजे नक्कल नव्हे; इंग्रज प्रकाशकाला देशी भाषेंतील भाषांतर थांबवितां येणार नाहीं. १९१४ च्या कायद्यानें भाषांतराचा हक्क कर्त्याला दिला, पण एखाद्या भाषेंत दहा वर्षांत भाषांतर न निघाल्यास त्या भाषेपुरता तो संपत असे. १९५७ च्या कायद्यांत सात वर्षांनंतर भाषांतराचा परवाना मागण्याची सोय आहे. देशी भाषांची गरज कायद्यानें अशी ओळखली, ही समाधानाची गोष्ट होय.

संपादकाच्या हक्काचा निकाल १९२३ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें मुंबईच्याच एका खटल्यांत दिला. प्लूटार्कच्या सिकंदरचरित्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतराची शालेय आवृत्ति मॅकमिलन कंपनीनें काढली होती. कूपर नांवाच्या पेढीनें तशीच दुसरी काढली. जुन्या मजकुरांतील नुसते उतारे वेंचल्यानें स्वामित्व येत नाहीं, टीपांत मात्र संपादकाचें ज्ञान व श्रम असल्यानें त्या त्याच्या, असें ठरलें. हा न्याय पाटांगणाच्या पोथीला लावून पाहावा. ज्ञानेश्वरांच्या ओव्या सर्वांच्या. पोथी, म्हणजे ते कागद, रक्षकाचे. पण कागदाचा धनी तो ओव्यांचा धनी नव्हे. प्रस्तावना राजवाडे यांची, तीही मुदतीपुरती. राजवाडे वारले ३१ डिसेंबर १९२६ रोजीं. मृत्यूनंतर पन्नास वर्षें हा तेव्हांचा नियम, म्हणून १९७६ अखेर त्यांचाही हक्क संपला आणि चौथा धनी, वाचक, पूर्ण धनी झाला.

हा हिशेब न्यायाचा आहे. बिघडला तो पुढें. रवीन्द्रनाथ १९४१ मध्यें वारले. १९९१ अखेर त्यांचे ग्रंथ मोकळे व्हावयाचे, तोंच सरकारनें मुदत दहा वर्षांनीं वाढविली, आणि १९९२ च्या दुरुस्तीनें ‘मृत्यूनंतर साठ वर्षें’ हा नियम सर्वांनाच लागू झाला. मेकॉलेनें ज्या आंकड्याला विरोध केला, बरोबर तोच आंकडा ! एका थोर कवीच्या आदरासाठीं शेंकडों अप्रसिद्ध लेखकांचे ग्रंथ आणखी दहा वर्षें अडकले. ज्यांचे वारस कोण हेंही सांपडत नाहीं, अशांचे ग्रंथ छापणें तर आणखीच अवघड राहिलें. शिवाय हक्क हाच एक मार्ग आहे असेंही नाहीं. मुंबई सरकारनें चोवीस हजार रुपये दिले म्हणून १८६९ मध्यें तुकारामांची शुद्ध गाथा इंदुप्रकाश छापखान्यांतून निघूं शकली. त्या विद्वानांना मोबदला मिळाला, आणि वाचकावर कुंपणही पडलें नाहीं.

म्हणून ग्रंथस्वामित्व न्याय्य आहे काय, या प्रश्नाला आमचें उत्तर असें कीं, जोंवर तें पोथीला देवघराबाहेर आणतें तोंवर न्याय्य, आणि ज्या दिवशीं तें स्वतःच देवघर होतें त्या दिवसापासून अन्याय्य. लेखकाला व संपादकाला त्यांच्या हयातींत व मागें राहिलेल्या कुटुंबाच्या पोषणापुरतें फळ मिळावें; त्यापुढें हट्ट नसावा. नांवाचा व शुद्धतेचा मान मात्र कधींच संपूं नये. तो नाथांनीं कायद्यावांचून सांभाळला.

राहतां राहिला रक्षक. मराठवाड्यांत कितीतरी घरांत आजही रुमालांत बांधलेल्या पोथ्या आहेत. जुन्या ग्रंथांवर कोणाचाच स्वामित्वहक्क नाहीं. त्या उघडण्यास कायद्याची आडकाठी नाहीं, आणि आतां नक्कल करण्यास महिनेही लागत नाहींत, एका दिवसांत छायाचित्रें निघतात. आड येते ती घरची शंका, कीं पोथी दाखविली म्हणजे ती गेली. पाटांगणच्या मंडळींनींही अशी शंका धरली असती, तर त्यांच्या पोथीची ज्ञानेश्वरी आपल्या हातीं आली नसती.