शेल स्क्रिप्ट (लिनक्स)

टर्मिनलवर एकेक करून द्यायच्या आज्ञा ओळीने लिहून ठेवलेली साधी मजकूर-फाइल. लिनक्सवर ती बहुधा बॅश या शेलमार्फत, म्हणजे आज्ञा वाचून अमलात आणणाऱ्या प्रोग्राममार्फत, चालते. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला हा शेल 1989 मध्ये आला. फाइलला ‘सीएचमॉड’ने चालवण्याची परवानगी द्यावी लागते, नाहीतर ‘परमिशन डिनाइड’ असा नकार मिळतो. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघही हवी, कारण शेल आज्ञा शोधतो ती ‘पाथ’मधल्या ठरावीक फोल्डरांत, आणि चालू फोल्डर त्यांत सहसा नसते. ‘बॅश’ लिहून पुढे फाइलचे नाव दिले, तर दोन्ही सोपस्कार टळतात.

अशी स्क्रिप्ट कुठे उपयोगी पडते याचे एक उदाहरण: 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव झाले. तुळजापूर, उमरगा, परंडा अशा तालुकावार फोल्डरांतील शेकडो मजकूर-फाइलींत असा बदल करायचा, तर ‘फॉर’ (प्रत्येक फाइलसाठी तेच काम पुन्हा करणारी रचना) आणि ‘सेड’ (मजकुरात शोधून बदल करणारा प्रोग्राम) वापरून लिहिलेली तीन-चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. मात्र सेडला अर्थ कळत नाही, अक्षरे तेवढी कळतात: ‘उस्मानाबादी शेळी’ची तो बेधडक ‘धाराशिवी शेळी’ करतो, आणि शेळीच्या या नामांकित जातीचे नाव तर उस्मानाबादीच आहे! सेडच्या ‘आय’ पर्यायाला ‘.बॅक’ जोडल्यास प्रत्येक फाइलची जुनी प्रत शेजारीच शिल्लक राहते.