मस्टँगच्या पंखांना रंग होता

संगणकावर विमान उडवणाऱ्या मंडळींचं पी-५१ मस्टँगवर भारी प्रेम. सिम्युलेटरसाठी मॉडेल्स बनवणारे हौशी कलाकार त्याला बहुधा दिवाळीत चिंचेने घासलेल्या तांब्यासारखं लखलखीत करतात. पंखात ढग दिसतात. देखणं खरंच, पण १९४४ साली मस्टँग असं नव्हतं.

इकडे इंग्लंडमध्ये डक्सफर्डच्या तळावर डिसेंबर १९४४ पासून अमेरिकेचा ७८ वा फायटर ग्रुप मस्टँग उडवत होता. त्याआधी वर्षभर अमेरिकेने बहुतेक लढाऊ विमानांना हिरवट छद्मरंग देणं थांबवायला सुरुवात केली होती. वजन वाचलं, कारखान्यातला वेळ वाचला. उघडा पडला तो अल्क्लॅडचा पत्रा: आत मजबूत ड्युरॅल्युमिन, दोन्ही अंगांना गंज रोखणारा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. उन्हापावसात तो लवकर मंदावतो. आजीच्या स्वयंपाकघरातलं ‘जर्मन’चं पातेलं आठवा. (अमेरिकी विमानाला जर्मनची उपमा, इलाज नाही.)

खरी गंमत पंखांची. त्यांचा आकार असा की हवा पृष्ठभागाला लगटून संथ थरांत वाहावी. रिव्हेटचं डोकंसुद्धा तिथे अडथळा. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे लांबी भरून बुजवत, घासत आणि वर चंदेरी रंग मारत. म्हणजे धड उघड्या पत्र्याचं, पंख रंगवलेले. आज हवाई प्रदर्शनांत दिसणारी कित्येक मस्टँग मात्र नखशिखांत पॉलिश केलेली असतात, आणि मॉडेलवाले फोटो घेतात ते त्यांचेच.

मायक्रोसॉफ्टच्या २००४ च्या सिम्युलेटरमध्ये चकाकी चित्राच्या अल्फा चॅनलवरून ठरायची. प्रश्न एकच: आरसा किती? बाकी सगळं हाताने रंगवायचं. एक्स-प्लेन ११ (२०१७) आणि मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत प्रत्येक बिंदूला दोन गोष्टी वेगळ्या सांगता येतात: तो धातू आहे का, आणि किती खरखरीत आहे. माझ्या मते सगळी कला या खरखरीतपणातच आहे. धड पूर्ण धातू ठेवावं, पण शेजारशेजारच्या पत्र्यांचा खरखरीतपणा थोडा वेगळा. कारण पत्रा ज्या दिशेने लाटला गेला तशी त्याची छटा बदलते. एक्झॉस्टच्या मागे काजळी. पंख एकसारखे, मंद, करडे. आणि पुढच्या भागात रिव्हेटच्या रेषा काढूच नयेत. त्या लांबीखाली गेल्या होत्या.