अन्नाची राखण कोणी करावी?

बाजारातून आणलेला जिन्नस खाण्याजोगा आहे की नाही, हे पाहण्याचे काम कोणाचे? घेणाऱ्याने पारखून घ्यावे, असेच पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. इंग्लंडातील नगरांनी ही समजूत कशी सोडली, ते पाहणे आपणांस उद्‌बोधक ठरेल.

१८५८ च्या ऑक्टोबरअखेरीस ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या गावी बाजारात पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या गेल्या. साखर महाग म्हणून मिठाईवाले तीत स्वस्त पांढरी भुकटी मिसळीत. त्या खेपेस औषधविक्याच्या नोकराने भुकटीऐवजी चुकून १२ पौंड सोमल दिला. सुमारे २० माणसे दगावली, दोनशेंवर आजारी पडली. माणसे पकडली गेली, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. आता यात गिऱ्हाइकाने काय पारखावयाचे होते? साखर पांढरी, भुकटी पांढरी, आणि सोमलही पांढराच!

१८६० साली भेसळीविरुद्ध कायदा झाला. परंतु नगराने परीक्षक नेमलाच पाहिजे, असे त्यात नव्हते. नेमता येईल, एवढेच होते. साहजिकच फार थोड्या नगरांनी तो नेमला. शिवाय तपासणी हवी असेल तर गिऱ्हाइकानेच नमुना आणावा आणि अडीच ते साडेदहा शिलिंग फी भरावी, अशी तरतूद होती. पेनीच्या गोळ्या घेणाऱ्या मजुराने ती कोठून भरावी? १८७२ च्या कायद्याने मात्र नमुने मिळविण्याचे काम नगराच्या निरीक्षकांकडे दिले.

मांसाच्या बाबतीत याआधीच, १८६३ साली, पाऊल पडले होते. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात ते पक्के झाले. आरोग्याधिकाऱ्याने वा निरीक्षकाने कोणत्याही योग्य वेळी विक्रीचे जनावर, मांस, मासळी, भाजी, पीठ, दूध तपासावे. खराब दिसल्यास जप्त करून न्यायाधीशापुढे न्यावे. त्याने ते नष्ट करवावे. ‘हे मांस माणसांसाठी नव्हतेच’ असे कसाई म्हणू लागला, तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकला होता. या एका कलमाने पळवाट बुजली.

आपल्याकडे १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने त्याची जागा घेतली. दोहोंत निरीक्षकाला दुकानात शिरून नमुना घेण्याचा अधिकार दिला गेला, आणि गिऱ्हाइकालाही फी भरून तपासणी करवून घेण्याचा हक्क ठेवला गेला. मात्र माल वाईट ठरल्यास ती फी परत मिळावी, असे ठरले.

गिऱ्हाइकाचा हक्क मोलाचा खरा; पण तो बहुधा जिन्नस घरी आल्यानंतर उपयोगी पडतो. निरीक्षकाची फेरी त्याआधी व्हावयाची असते. म्हणून ती आपल्या गावात होते की नाही, हे नगरपालिकेला व सरकारी खात्याला विचारीत राहणे, हा आम्ही नागरिकांचा पहिला धर्म समजतो.