विसर पडलेल्यांची घरं

 

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या एका गटात अंतर्गत कर्जाची वेगळीच मागणी आली. म्हशीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही. ताई म्हणाली, "आत्याबाईला महिनाभर एका केंद्रात ठेवायचंय, त्याचे पैसे पाहिजेत." तिच्या सासूबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या. तीन वर्षांपासून विसर वाढत चाललेला. जेवल्या तरी जेवले नाही म्हणतात. रात्री उठतात, कडी काढतात, "रझाकार आले, लेकरं जोंधळ्यात लपवा" म्हणून ओरडतात. ताईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलेलं, मालक बाहेरगावी कामाला.

बैठकीत दोन तट पडले. "सासूला टाकायला गटाचे पैसे द्यायचे का?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "टाके घातलेल्या पोटानं तिनं रात्रभर दार धरून बसायचं का?" शेवटी ठरलं, आधी केंद्र बघायचं, मग कर्जाचं बोलायचं. पण बघायचं म्हणजे काय बघायचं? भिंतीचा रंग तर कुणीही बघतं. म्हणून आम्ही वाचायला बसलो, की अशा माणसांना आजवर कुठं आणि कसं ठेवलं. (ताईच्या परवानगीनं हे सांगतोय.)

आपल्याकडं याला म्हातारचळ म्हणतात. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण तर पोरांनाही पाठ. पण २५ नोव्हेंबर १९०१ ला जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात जी बाई आणली गेली, तिची साठी आलेलीच नव्हती. ऑगस्टं डेटर, वय ५१. नवऱ्याला तिला घरी सांभाळणं जमेना. डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्यापाशी बसून साधे प्रश्न विचारायचे, नाव काय, नवऱ्याचं नाव काय, आणि ती जे बोलेल ते लिहून ठेवायचे. १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमरांनी तिचा मेंदू तपासला, त्यातले बदल त्याच वर्षी इतर डॉक्टरांपुढं मांडले. १९१० मध्ये आजाराला त्यांचं नाव पडलं. म्हणजे हा चळ नाही, करणी नाही, ढोंग तर नाहीच. मेंदूचा आजार आहे.

त्याच १९०१ साली इकडं ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं. इंग्रजांनी १८५८ मध्येच वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला होता. त्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानं माणूस आत जाई. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथलं वेड्यांचं इस्पितळ १८९५ मध्ये सुरू झालं ते चंचलगुडा तुरुंगाच्या आवारात. पुढं काही काळ ते आपल्या जालन्याला होतं आणि १९५३ मध्ये हैदराबादच्या एर्रागड्डा भागात गेलं. जालन्याची ही गोष्ट आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हती.

ज्या इस्पितळाची सुरुवात तुरुंगात, तिथं कुलूप, मोजणी आणि एकसारखे कपडे येणारच. १९१२ चा इंग्रजांचा कायदा तर १९९३ पर्यंत आपल्याकडं चालू होता.

पण विसर पडलेली बहुतेक म्हातारी माणसं अशा इस्पितळात गेलीच नाहीत. ती ओसरीवरच्या बाजेवर राहिली. त्यांच्यापाशी जागली सून, नाहीतर परत आलेली लेक. इस्पितळाला रजिस्टर असतं, म्हणून त्याचा इतिहास सापडतो. बाजेपाशी जागणाऱ्या बाईनं कुठं सही केलेली नसते.

जपानमध्ये हे एका बाईनंच लिहिलं. सावाको आरियोशी या लेखिकेची कादंबरी १९७२ मध्ये आली. त्यात नोकरी करणारी सून विसर पडलेल्या सासऱ्याला सांभाळते. दहा लाखांवर प्रती खपल्या. घरातली गोष्ट देशाची झाली. २००० साली तिथं म्हाताऱ्यांच्या सांभाळासाठी सरकारी विमा सुरू झाला. तिथली लहान घरं ठरलेली आहेत, एका घरात जास्तीत जास्त नऊ जण. स्वीडनमध्येही १९८० नंतर अशी सहा-आठ जणांची घरं निघाली. आणि २००४ मध्ये जपाननं या आजाराचा जुना, हिणवणारा शब्दच सरकारी कागदातून काढून टाकला. आपली म्हण मात्र चालूच आहे.

भारतात १९९२ मध्ये केरळात डॉ. जेकब रॉय यांनी या आजारासाठी संस्था उभारली. तिनं २००५ मध्ये त्रिशूर जिल्ह्यात निवासी केंद्र काढलं. महाराष्ट्रातली केंद्रं मुख्यतः पुण्या-मुंबईकडं. आणि आजार कुठं जास्त? २०२३ मध्ये छापलेल्या देशभरच्या पाहणीत ६० वर्षांवरच्या दर १०० जणांत सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश, एकूण सुमारे ८८ लाख. पुरुषांपेक्षा बायांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त.

एवढं डोक्यात घेऊन आम्ही तिघी ताईसोबत पूर्णेहून रेल्वेनं निघालो. दोन केंद्रं बघितली, नावं सांगत नाही. पहिल्यात मोठ्या हॉलमध्ये ओळीनं खाटा, सगळ्यांना एकाच कापडाचे झगे, बायांचे केस बारीक कापलेले. भेट रविवारी एक तास. "स्वच्छता राहते," तिथले म्हणाले. स्वच्छ होतंच, खोटं कशाला बोला. पण २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, की सक्तीनं केस काढायचे नाहीत, गणवेश लादायचा नाही, साखळीनं बांधायचं नाही. आजाराच्या त्याच्या व्याख्येत स्मरणशक्तीही येते. आम्ही विचारलं तर, "तुम्ही कोण विचारणाऱ्या?"

दुसरं एक साधं घर होतं, नऊ म्हातारी माणसं. स्वयंपाकघराला दारच नाही. एक आजी मेथी निवडत होत्या, निवडलेली परत पेंडीत घालत होत्या आणि कुणी त्यांना टोकत नव्हतं. आम्ही आल्या आल्या संडास बघितला. मग विचारलं, झोपेची गोळी कुणाच्या चिठ्ठीवर देता? पडलं-झडलं तर कुठल्या दवाखान्यात नेता? पैशात औषध, लंगोट धरलेत का? नोंदणीचा कागद दाखवला त्यांनी. रात्री किती जणी जागतात, यावर मात्र चालवणाऱ्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "एकच." नऊ जणांना एक कमीच. पण आम्हाला त्या खरं बोलल्याचं बरं वाटलं. पैसे ताईच्या आवाक्याबाहेरचे होते, तेही खरं.

परत येऊन बैठकीत सगळं सांगितलं. कर्ज मंजूर झालं, एका महिन्यापुरतं, बारा हप्ते. दोघींनी सही करताना तोंड वाकडं केलं, पण केली.

आत्याबाईच्या पिशवीत तिची दोन लुगडी, सूप आणि दोन किलो जोंधळे दिले. सूप हातात असलं की ती शांत बसते. रात्रपाळीच्या पोरीला ताईनं सांगितलं, "रझाकार आले म्हणली तर वाद घालू नको. पोलीस ॲक्शन झाली, ते गेले म्हण, मग झोपते." पोरगी दुसऱ्या भागातली. रझाकार म्हणजे कोण, तिला ठाऊक नव्हतं. गाडीला वेळ होता. तिथंच पायरीवर बसून आम्ही तिला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचं सगळं सांगितलं.