निर्मिक
‘निर्माता’ हाताशी असताना जोतीराव फुल्यांनी ‘निर्मिक’ हा शब्द चालवला. धातू तोच, निर् + मा. पण देव्हाऱ्याचा, अवताराचा वास नसलेला. मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांना येशूबद्दल आदर होता, पण त्यांनी धर्मग्रंथांची चिकित्सा करणारा इंग्रज लेखक थॉमस पेनही वाचला होता. पेनचं म्हणणं असं: जग घडवणारा आहे. ग्रंथ मात्र माणसांचे. पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापलं गेलं. कुठलंच धर्मपुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत सारखं सत्य नाही, असं त्यात म्हटलंय. म्हणजे बायबलही आलंच. तरी त्याच पुस्तकातल्या एका घरात बौद्ध आई, ख्रिस्ती बाप, मुसलमान मुलगी आणि सत्यधर्मी मुलगा गुण्यागोविंदाने नांदतात. हे घर काही पेनकडून आलेलं नाही!